व्यंकटचा तंबू

माणसाचे किस्से कालव्यातल्या गाळासारखे साचतात. रोज थोडे थोडे. पाणी वाहतं आहे तोवर तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्यंकटच्या तेराव्याची जेवणं उरकल्यावर आम्ही ऑफिसातले पाच-सहाजण त्याच्या अंगणात खुर्च्या ओढून बसलो. दहा मिनिटांत निघायचं होतं. दिवस मावळेपर्यंत बसलो! शोभावहिनींनी तीनदा चहा पाठवला. तिसऱ्यांदा त्या स्वतःच ट्रे घेऊन आल्या आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "तो किल्लारीच्या म्हातारीचा सांगितला का?"

सांगून झाला होता. तरी पुन्हा सांगितला.

त्यातले काही इथे लिहितो. मी व्यंकटच्या शेजारच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, एवढाच माझा अधिकार. कुणाला काही खोटं वाटलं तर आमचे सर्व्हेअर शेखभाई आहेत. ते हेच किस्से आणखी वाढवून सांगतील.

*

व्यंकट कालव्यांच्या खात्यात इंजिनियर, नांदेडला. कालव्याची पाहणी जीपमधून करायची अशी आमच्याकडे रीत आहे. साहेब पुढच्या सीटवर, काच खाली, कोपर बाहेर. व्यंकट मात्र काठाकाठाने चालत जायचा आणि रिकामी जीप त्याच्या मागून रांगत यायची. भेग कुठे पडली आहे ते पायाला कळतं, टायरला कळत नाही, असं त्याचं म्हणणं.

ड्रायव्हर मारोती या प्रकाराला कंटाळला होता. एका एप्रिलात, भर दुपारी, मागून जीप चालवत असताना त्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "साहेब, मंग सरकारनं ही जीप काहून देली?"

व्यंकट चालता चालताच म्हणाला, "सावली पडते ना तिची. डबा खायला!"

आणि एक वाजता खरोखर जीपच्या सावलीत मांडी घालून त्याने डबा सोडला.

ही मोकळ्यावरची आवड कुठून आली, असं मी एकदा विचारलं होतं. तो नोकरीला लागला आणि किल्लारीचा भूकंप झाला. नव्या गावांच्या आखणीसाठी तरुण पोरं पाठवली, त्यात हा. कित्येक महिने तो उघड्यावर झोपला. तिथे सगळेच तसे झोपत. बाकीचे पुढे घरात गेले, याचं मन काही पुरतं आत आलं नाही. "छत पडतं रे," एवढंच तो म्हणाला, "आभाळ पडलेलं मी पाहिलं नाही."

*

पन्नाशीच्या अलीकडेच त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. वहिनींची किडनी जुळली नाही, भावाला साखर निघाली. म्हणजे डायलिसिस आलं.

किडनीच्या डॉक्टर वयाने आमच्याहून लहान, बोलायला मोजक्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक मशीनचा. आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलच्या खाटेवर, शेजारी यंत्र. दुसरा पोटाचा. पोटात कायमची नळी बसवायची. दोन लिटर औषधी पाण्याची पिशवी वर टांगायची, पाणी पोटात उतरवायचं. ते तिथे राहून रक्तातली घाण ओढून घेतं. काही तासांनी ते खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत सोडायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, आपल्या हाताने, घरीच.

अशा वेळी माणूस किती दिवस उरले ते विचारतो. व्यंकटने विचारलं, "पंप कुठे असतो?"

बाई म्हणाल्या, पंप नसतो. वरून खाली, आपोआप.

"म्हणजे उतारानं चालतं," व्यंकट म्हणाला. "मग हे आमच्याच खात्याचं काम आहे, बाई. पोटाचं करा!"

बाईंनी मात्र लगेच अट घातली. खोली बंद पाहिजे. पंखा बंद, खिडक्या बंद, हात धुतलेले, तोंडाला मास्क. धुळीचा एक कण नळीतून आत गेला तर पोटात इन्फेक्शन होतं. पहिल्यांदा झालं तर औषध देऊ. दुसऱ्यांदा झालं तर नळी काढायची आणि कायमचं मशीन.

बाहेर आल्यावर व्यंकट मला म्हणाला, "मरणाचं काही नाही. तीन दिवस खाटेवर आणि चौथ्या दिवशी त्या खाटेचा थकवा. मग मी बाहेर कधी जाऊ?"

पुढच्या सगळ्या किस्स्यांच्या मागे हा एकच प्रश्न होता.

*

दोन महिने तो घरात बसला. तिसऱ्या महिन्यात तो लातूरला गेला आणि मंडप शिवणाऱ्या एका टेलरकडे जाऊन बसला. त्याला एक खोली शिवून हवी होती! चार बाजूंनी बंद, उजेडाला प्लास्टिकच्या खिडक्या, पुढे झिप, आणि मधोमध शेखभाईंची मोजणीची उभी पट्टी मावेल एवढी उंची. पिशवी त्या पट्टीला टांगायची होती. पट्टीवर आकडे असतात, म्हणजे उंची रोज तंतोतंत.

टेलर जुना माणूस. त्याने मापं घेतली आणि विचारलं, आत कोण बसणार?

व्यंकट म्हणाला, मी.

"आन् बाहेर?"

व्यंकटने मागे उभ्या असलेल्या वहिनींकडे बोट केलं.

टेलरने वहिनींकडे एकदा नीट पाहिलं आणि पेन्सिलीने कापडावर खूण केली. "मंग झिप आतून लावतो," तो म्हणाला.

*

तेव्हापासून आमचे रविवार सुरू झाले. व्यंकट, शेखभाई, मी आणि मारोती. मारोतीने तोवर स्वतःची जुनी जीप घेतली होती. सकाळची पिशवी व्यंकट घरी उरकायचा. दुपारची जिथे असू तिथे. आधी साबणाने हात, मग मास्क, मग तंबूत जाऊन झिप. धूळ खाली बसेपर्यंत थांबायचं. पुढे अर्धा-पाऊण तास तो आत आणि आम्ही बाहेर, बकऱ्या हाकत.

पिशवी टांगण्याआधी ती अंगाइतकी कोमट लागते. घरी वहिनी ती गोधडीत गुंडाळून शेकायच्या. बाहेर व्यंकटने जीपचं बॉनेट वापरलं. जानेवारीत उत्तम जमलं. मे महिन्यात ती एवढी तापली की तिचा चहा झाला असता. मग आम्ही चौघं एका विहिरीच्या सावलीला ती निववत तासभर बसलो.

मारोती म्हणाला, "लोकायच्या गाडीवर पापड वाळतेत. आपल्या गाडीवर साहेबाचं पोट तापून राह्यलंय."

*

आता किल्लारीची म्हातारी.

गावाबाहेर माळावर आम्ही तंबू ठोकला. पांढरा, चौकोनी, झिपवाला. व्यंकट आत गेला. पाच मिनिटांनी एक म्हातारी येऊन तंबूपुढे उभी राहिली. तिच्यामागे एक गृहस्थ. मग आणखी दोघी. कारखान्याकडून येणारी एक जीप थांबली, तिच्यातले चारजण उतरून रांगेला लागले. बहुतेकांच्या हातात आधारकार्ड होतं. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. सरकारी दिसणारा तंबू आहे, म्हणजे काहीतरी मिळत असणार.

सगळ्यांत पुढची ती म्हातारी. तिने शेखभाईंना विचारलं, "हितं काय वाटून राह्यलेत?"

शेखभाई खरं बोलणारे. पण पोटाचं सगळं पुराण रांगेला कसं सांगणार? ते म्हणाले, "काही नाही, अम्मा. आमचे साहेब आत जरा आराम करून राह्यलेत."

म्हातारीने तंबूकडे पाहिलं, मग रांगेकडे पाहिलं. "त्याला तंबू कशाला लागतोय?" ती म्हणाली. "साहेब लोकांचं त्ये हापिसातच हुतंय की!"

आतून व्यंकटचा आवाज आला, "शेखभाई, हसवू नका. नळी हलून राहिली!"

*

बाईंना या रविवारांचा पत्ता नव्हता. व्यंकट खोटं बोलला नव्हता. त्या विचारायच्या, बंद खोलीत करता ना? तो हो म्हणायचा. खोली बंद असायचीच. ती कुठे आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

एकदा महिन्याच्या तपासणीला बाईंनी त्याच्या पोटावरची पट्टी बदलायला घेतली. पट्टी सोडवता सोडवता थांबल्या. चिमटा घेतला आणि पट्टीच्या बाहेरच्या कडेतून एक कुसळ उपसून उजेडात धरलं. माळावरच्या गवताचं, चांगलं बोटभर लांब.

"हे तुमच्या कुठल्या खोलीत उगवतं?" त्यांनी विचारलं.

मी त्या दिवशी सोबत होतो. व्यंकटने सगळं कबूल केलं. बाई मोठ्याने बोलल्या नाहीत. आजपासून बंद, एवढंच म्हणाल्या. एक इन्फेक्शन आधीच होऊन गेलं आहे, दुसऱ्याला माफी नाही, हे विसरलात का, म्हणाल्या.

व्यंकटने खांद्यावरच्या झोळीतून वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. आमच्या खात्यात कामाची मोजमाप वही असते, तशी त्याने पोटाची ठेवली होती. दर खेपेची नोंद. स्थळ, वारा, पट्टीवरची उंची, बाहेर आलेलं पाणी स्वच्छ की गढूळ. माहूर, स्वच्छ. चाकूर, स्वच्छ. किल्लारीचा माळ, स्वच्छ. बाई पानं उलटत गेल्या. साऱ्या वहीत तांबड्या शाईची नोंद एकच होती. ती त्यांनी मोठ्याने वाचली.

"गढूळ. स्थळ, स्वतःची बेडरूम. कारण, मामा."

परभणीचे मामा तब्येत विचारायला आले होते. दार ढकलून आत शिरले, काय हा उकाडा म्हणाले आणि पंखा लावून मोकळे झाले. पहिलं इन्फेक्शन त्या प्रेमातून झालं होतं.

बाईंनी वही मिटली. पण मी लेखी परवानगी देणार नाही, म्हणाल्या. तोंडीही देणार नाही. दुसऱ्यांदा झालं तर माझ्याशी वाद घालायचा नाही, सरळ मशीनवर जायचं.

व्यंकट मान्य म्हणाला. जिना उतरताना त्याने मला विचारलं, "वही मिटल्यावर नाही असं म्हणाल्या का?"

मी आठवून पाहिलं. परवानगी नाही म्हणाल्या होत्या.

"ते वेगळं," व्यंकट म्हणाला. "रविवारी सहा वाजता!"

*

पुढचा किस्सा सांगताना आम्ही आज हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं.

पोटातून बाहेर आलेलं पाणी स्वच्छ आहे का, हे पाहायची साधी रीत आहे. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर धरायची. आरपार अक्षरं वाचता आली तर ठीक. अक्षरं धूसर दिसली तर पाणी गढूळ, म्हणजे इन्फेक्शन. व्यंकट हे एकटाच करायचा. ती पिशवी त्याने कधी कुणाला दाखवली नाही आणि आम्हीही कधी पाहायला गेलो नाही.

चाकूरजवळच्या एका ओढ्याकाठी, दुपारी, तो तंबूतून बाहेर आला तो वर्तमानपत्र न घेताच. पिशवी काळ्या प्लास्टिकमध्ये बांधलेली. चेहरा उतरलेला. म्हणाला, "नांदेड."

आम्ही तंबू गुंडाळला. मारोतीने एवढा सरळ रस्ता आयुष्यात हाकला नसेल. व्यंकट पुढे बसला होता आणि दोन्हीकडची शेतं पाहत होता, एकही सुटू नये असं. मागे माझ्या शेजारी शेखभाई. त्यांनी खिशातून दुआंचं छोटं पुस्तक काढलं, चष्मा लावला, उघडलं. जरा वेळाने मिटलं. डोळे पुसले. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. मी दुसऱ्या बाजूला पाहत राहिलो.

रविवार असून बाई हॉस्पिटलात आल्या. पिशवी उजेडाला धरली. टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून तिच्यामागे धरलं आणि एक बातमी पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत वाचून दाखवली. मग म्हणाल्या, तुम्ही वाचा.

व्यंकटने खिशातून चष्मा काढून लावला. म्हणाला, धूसर दिसतंय.

बाईंनी पिशवी बाजूला ठेवली. नुसतं वर्तमानपत्र त्याच्या हातात दिलं. "आता वाचा."

त्याला तेही वाचता येईना.

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "हा चष्मा कुणाचा आहे?"

व्यंकट आणि शेखभाईंनी जवळचे चष्मे एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतले होते. काळ्या फ्रेमचे. तोंड धुताना दोघांनी ते बॉनेटवर ठेवले होते.

सगळे शेखभाईंकडे वळले. त्यांनी आपल्या डोळ्यांवरचा चष्मा हळूच काढला, उलटसुलट पाहिला. रस्ताभर तुम्हाला हे कळलं नाही का, असं बाईंनी त्यांना विचारलं.

"मी बी वाचून राह्यलो होतो ना, बाई," शेखभाई म्हणाले. "अक्षरं दिसेनात. मला वाटलं, डोळ्यात पानी हाय."

*

व्यंकट गेला तो हृदयाने. साधा बुधवार होता. सकाळची पिशवी झाली होती, वहीत नोंद केली होती, पेनचं टोपण लावायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई घरी आल्या. वहिनींजवळ बसल्या. पोट शेवटपर्यंत स्वच्छ होतं, म्हणाल्या. सात वर्षांत तो एक दिवसही मशीनवर गेला नाही. रविवार चुकले ते फक्त मामांच्या इन्फेक्शनमधले दोन.

किस्से तेराव्याला सुरू झाले, ते असे.

*

राहिला माहूरचा. हा त्याच्या शेवटच्या हिवाळ्यातला.

देवीचं दर्शन घेऊन आम्ही पायऱ्या उतरलो. खाली दुकानांच्या मागे, गर्दीपासून लांब, एक सपाट जागा होती. तिथे तंबू उभा केला आणि व्यंकट आत गेला. मारोती दगडाला टेकून झोपला. शेखभाई घोटे चोळत बसले. मी धापा टाकत होतो. पायऱ्या चौघांनीही चढल्या होत्या.

तेवढ्यात समोरून बाई आल्या. डॉक्टरबाई. सोबत त्यांच्या सासूबाई, सत्तरीच्या पुढच्या, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात प्रसादाचा तांबूल. सुट्टीच्या दिवशी दर्शनाला आल्या होत्या.

बाईंनी तंबू पाहिला. आम्हाला पाहिलं. आत कोण आहे हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी सात वर्षांत हे सगळं वहीत वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. भोवताली यात्रेकरूंची पावलं, उडणारी माती, वारा.

त्या तंबूजवळ जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहीतलं वेगळं होतं. आता मी हे बघितलंय. आता मला गप्प राहता येणार नाही. बाहेर या."

आतून व्यंकट म्हणाला, "बाई, बारा मिनिटं राहिलीत. मधे उठायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी घड्याळात पाहिलं. उद्या ओपीडीत त्या काय सांगणार हे आम्हाला दिसत होतं. शेखभाई घोटे चोळायचे थांबले.

मग वारा वाढला. डोंगराच्या अंगाने एक झोत आला आणि तंबूची एक काठी जमिनीतून उपटून निघाली. कापड आत दबलं. मी उठेपर्यंत बाईंनी पदर खोचला होता आणि दोन्ही हातांनी काठी धरून ती जमिनीत रेटली होती. "आतली झिप उघडू नका," त्या म्हणाल्या. "मास्क नाकावर आहे का? हात कशाला लावू नका." आणि बारा मिनिटं त्या तशाच उभ्या राहिल्या, वाऱ्याकडे पाठ करून, काठी धरून. आम्ही तिघांनी उरलेल्या तीन बाजू धरल्या. मारोती जागा झाला तो थेट काठीलाच.

सासूबाई एका दगडावर बसून हे बघत होत्या.

शेवटी झिप वाजली. व्यंकट बाहेर आला. तोंडाला मास्क, धुतलेले हात कोपरापासून वर धरलेले, दर्शनाचं कुंकू कपाळावर. आमच्या सगळ्यांत ताजातवाना तोच दिसत होता.

सासूबाई काठी टेकत उठल्या आणि सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "गुडघे लई दुखतेत बघा. सूनबाई घरात गोळ्या देती, पर गुण न्हाई. दोन वर्षं झाली, घरातच बसून हाय. आज देवीसाठी कशीबशी आले. काय करू?"

व्यंकटने सासूबाईंकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून बाईंकडे पाहिलं.

"आजी," तो म्हणाला, "घरात बसू नका."

सासूबाईंनी मागे वळून सुनेला विचारलं, हे खरं का?

बाईंच्या हातात अजून तंबूची काठी होती.

"ऐका त्यांचं, आई," त्या म्हणाल्या.